अनुभव सांगा : शाळेत तुम्हाला 'आपलं' कधी वाटलं, परकं कधी वाटलं?

परवा माझी भाची शाळेतून आली आणि म्हणाली, "मावशी, आरटीईवाली म्हणजे काय असते वं?" तिच्या बाकावर बसणाऱ्या मुलीला अख्खा वर्ग याच नावानं हाक मारून राहिला होता. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं, म्हणजेच आरटीईनं, खाजगी विनाअनुदानित शाळांमध्ये सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. त्या जागेवर बसलेल्या मुलीचं हे असं नाव पडलेलं ऐकून मला रात्री झोप लागली नाही. विद्यार्थी असताना, पालक म्हणून किंवा शिक्षक म्हणून तुमच्या शाळेत नेमकं काय घडलं ते लिहा. शाळेचं नाव नको, प्रसंग हवा.

माजी विद्यार्थी, इंदोरा
शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की बाई म्हणायच्या, "एससीवाले उभे राहा." सहाव्या वर्गात पहिल्यांदा उठलो तेव्हा बाजूचा दोस्त माझ्याकडे नुसता पाहत राहिला. दुपारी तो डबा घेऊन दुसऱ्या रांगेत बसला. बोलला काहीच नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाबांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीला जाणारा पोरगा मी. घरी ज्याचा अभिमान होता, तेच वर्गात मान खाली घालून ऐकायचो.
आठव्या वर्गात नवे सर आले. त्यांनी फॉर्म सगळ्या वर्गाला वाटले. म्हणाले, "घरी दाखवा, लागू असेल त्यांनी भरून ऑफिसात द्या." कुणाला उभं केलं नाही, भाषण दिलं नाही. आज मी स्वतः शिकवतो आणि फॉर्म तसेच वाटतो. शिक्षकांनो, एवढं तरी उद्यापासून करा. त्याला पैसा लागत नाही.

भंडाऱ्याहून नागपुरात आलेला
मी 'डोळा'ला 'डोरा' म्हणायचो. आमच्या झाडीबोलीत तसंच म्हणतात. वाचनाच्या तासाला पोरं हसायची, आणि मास्तरही त्यांच्यासोबत हसायचे, ते जास्त लागायचं. मी हात वर करणंच सोडून दिलं. पुढल्या वर्षी मराठीच्या मॅडमनी भिंतीवर मोठा कागद लावला आणि घरचे शब्द लिहायला सांगितले. माझा 'डोरा' आला, वर्धेकडच्या पोराचा 'डोया' आला, जरीपटक्याच्या सिंधी मुलीनं 'अखि' लिहिलं. मॅडम प्रत्येकाकडून शब्द म्हणून घेत, चुकला की आम्ही त्यांना सुधारायचो. वर्षभर गप्प बसलेला मी त्या दिवशी मॅडमना शिकवत होतो.

एक आई, मानेवाडा
माझा मुलगा श्रवणयंत्र लावतो. मार्च लागला की वर्गात कूलर सुरू होतो आणि त्याच्या कानात घरघरीशिवाय काही जात नाही. शिकवणाऱ्या मॅडम फळ्याकडे तोंड करून बोलायच्या, म्हणजे ओठही दिसायचे नाहीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार देऊन अर्ज केला. कूलरपासून लांब, पुढची जागा मिळाली, पण तोंड फळ्याकडेच. मग एका मुलीनं हात वर केला, "मॅडम, इकडे पाहून सांगा ना, त्याला ऐकू येत नाही." आता तो वर्गाचा नियमच झाला आहे. त्या मुलीच्या आईला मी अजून भेटले नाही, भेटायचं आहे.

निवृत्त शिक्षिका, महाल
माझ्या हातून झालेलं सांगते. तान्ह्या पोळ्याला शाळेत लाकडी बैल घेऊन पोरं यायची आणि सर्वात सजलेल्या बैलाला बक्षीस असायचं. ते मीच ठरवायचे. मोठमोठे, चाकांचे, घुंगरांचे बैल यायचे. एका वर्षी दुसऱ्या वर्गातला मुलगा फाटकाजवळच थांबला. हातात काडेपेटीला काड्या टोचून केलेला बैल. आत ये म्हटलं तर त्यानं तो मागे लपवला. त्याचे वडील हमाली करायचे, मला ते माहीत होतं, आणि तरी इतकी वर्षं मी बक्षीस वाटत होते.
पुढच्या वर्षीपासून माती आणली. सगळ्यांनी शाळेतच बैल केले, बक्षीस बंद. काही पालक रागावले, एक तर भेटायला आले आणि खूप बोलले. मी ऐकून घेतलं, बदललं नाही. त्या मुलाला मात्र त्या दिवशी जे वाटलं, ते मला पुसता आलं नाही.

एक बाबा, प्रतापनगर
बाईंचं वाचून विचारात पडलो. माझी मुलगी आठ दिवस आधीपासून बैल सजवते, तिचा आनंद खरा आहे. स्पर्धा काढली तरी मिरवणूक राहू द्या, असं मला वाटतं.

निवृत्त शिक्षिका, महाल
मिरवणूक होतीच हो. मातीचे बैल घेऊन पोरं अख्ख्या गल्लीत फिरायची.

धागा काढणारी
सगळं भाचीला वाचून दाखवलं. परवा मी तिला त्या मुलीचं खरं नाव विचारलं होतं, तेव्हा तिला सांगता आलं नव्हतं. आज शाळेतून आली आणि चप्पल काढायच्या आधी नाव सांगितलं.