गेम रंगात आला की लॅपटॉप फुस्स! तुमचे अनुभव लिहा

मंडळी, पंधरा दिवस झाले, डोकं फिरायची वेळ आलीये. साडेतीन वर्षं जुना गेमिंग लॅपटॉप आहे, ऑफिसचं काम आठ-आठ तास करतो, पिक्चर बघा, काही कुरकुर नाही, पण गेम लावला की वीस-पंचवीस मिनिटांत खट्ट. निळी स्क्रीन नाही, हँग नाही, डायरेक्ट काळं आणि पंख्यांचा आवाजही त्याच क्षणी गप्प, कुणी मेन स्विच पाडल्यासारखं. परवा व्हॅलोरंटमध्ये टीममधला शेवटचा मी एकटा उरलेलो आणि नेमका तेव्हाच गेला, पोरं अजून धड बोलत नाहीयेत माझ्याशी. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नेल-पॉवर ४१ येतो, पण त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. ते मलापण माहितीये की! दुकानदार म्हणतो मदरबोर्ड, अठरा हजार. पैसे घालायच्या आधी तुमचं ऐकतो. कुणाचं काय निघालं ते लिहा, फुटकळ असलं तरी चालेल.

*

माझं धुळीचं होतं. नागपूर, मे महिना, पुढचं सांगायला नको. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून बघितलं तर सीपीयू (मुख्य प्रोसेसर) ९७-९८ डिग्री, क्लॉक म्हणजे त्याचा वेग चारवरून दोन गिगाहर्ट्झच्या खाली यायचा, गेम रखडायचा आणि मग बंद. म्हणजे आधी रखडणं मग मरणं, हे लक्षात ठेवा. मागचं झाकण उघडलं तर पात्यांवर जेमतेम धूळ, म्हटलं एवढ्याने काय होतंय. पण पंखा सोडवला आणि बघतो तर पंखा आणि जाळीच्या मधल्या फटीत धुळीचा अख्खा पट्टा, घोंगडीच्या तुकड्यासारखा, चिमट्याने धरल्यावर एका दमात निघाला, त्यात आमच्या मनीचे केस. चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्या मधली पेस्टपण वाळून खपली झालेली. साफ करून नवीन पेस्ट लावली, आता ८४ च्या वर जात नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर गरगर फिरून बेअरिंगची वाट लागते. आणि आत पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) असेल तर घरी हीटसिंक अजिबात काढू नका, त्यातून करंट वाहतो, थेंब बोर्डावर सांडला की खेळ खलास.

*

मी खाली बाटलीची दोन झाकणं लावून मागून उचलला, ४-५ डिग्री उतरले. बंद पडायचा थांबला का? नाही. पण फुकट आहे म्हणून सांगतो.

*

माझं ऐकून हसाल. दोन महिने लॅपटॉप मधेच झोपायचा, स्क्रीन काळी, बटण दाबलं की गेम होता तिथून परत चालू. पेस्ट बदलली, विंडोज टाकलं, सगळं झालं. शेवटी बहीण म्हणाली, "दादा, तू घड्याळ घातलंस की होतंय." घड्याळाचा पट्टा मॅग्नेटचा! झाकण बंद झालंय हे लॅपटॉपला कळतं ते कडेच्या एका चुंबकाच्या सेन्सरवरून, आणि माझं डावं मनगट बरोब्बर त्याच्यावर टेकायचं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ नाही, ४२ होता, म्हणजे स्लीप. वाचलं असतं तर दोन महिने वाचले असते.

*

ॲडॉप्टर बघा दादा, ॲडॉप्टर. माझा ओरिजिनल २३० वॅटचा जळला, दुकानातून तीच पिन बसणारा आणला, घरी येऊन चष्मा लावून मागचं बारीक लिहिलेलं वाचलं तर १२० वॅट. ऑफिसच्या कामाला तो पुरतो हो, पण गेममध्ये ग्राफिक्स कार्ड एकटं शंभराच्या आसपास ओढतं, वर सीपीयू, स्क्रीन. कमी पडलं ते बॅटरीतून जातं, म्हणून चार्जिंगला लावलेलं असूनपण टक्के उतरत होते आणि मला वाटायचं बॅटरीचा आकडा चुकतोय. बॅटरी थकलेली असेल तर तेवढंपण देत नाही, गेममध्ये मोठा स्फोट झाला की लॅपटॉपपण गेला.

*

चिपळूण. पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचा लपंडाव चालूच असतो. लाईट गेली की इन्व्हर्टर घेईपर्यंत पापणी लवते तेवढाच वेळ, पण तेवढ्यात लॅपटॉप आडवा. इन्व्हर्टरच्या मागचा स्विच यूपीएस मोडला टाकला तर बरंच थांबलं. पण खरं दुखणं बॅटरीचं होतं, टचपॅड क्लिक होईना म्हणून उघडलं तर बॅटरी उशीसारखी फुगलेली. असं दिसलं तर टोचू-दाबू नका, खेळणं तिथंच थांबवा आणि बदलून घ्या.

*

मी रिपेअरिंगच करतो. दादा, तुमचा रखडल्याशिवाय जातोय ना, मग मला उष्णतेपेक्षा पॉवरचा संशय आहे. असं करा, आधी फक्त सीपीयूला ताण द्या, सिनेबेंच हे टेस्टचं सॉफ्टवेअर अर्धा तास. मग फक्त ग्राफिक्स कार्डाला, त्यासाठी फरमार्क. मग दोन्ही एकदम. एकेकटं चाललं, तापमानपण बरं राहिलं आणि जोडीने लावल्यावर गेला तर ॲडॉप्टर, चार्जिंगची पिन, बॅटरी या रांगेत बघा. मदरबोर्ड सगळ्यात शेवटी. आणि अंडरव्होल्ट (सीपीयूचं व्होल्टेज मुद्दाम कमी) केलं असेल तर ते आधी काढा, निम्मी गिऱ्हाईकं हे सांगतच नाहीत.

*

धागाकर्ता परत हजर. अंडरव्होल्ट नव्हतं. सीपीयू एकटा, ८८ डिग्री, अर्धा तास सुखात. कार्ड एकटं, ७६. दोन्ही लावले आणि सातव्या मिनिटाला गेला, शेवटचा आकडा ८३! मग पिनेला हात लावला तर चटका बसला, काढून टॉर्च मारली तर जॅकच्या आत एका बाजूला काळं पडलेलं, आणि पिन हलवली की चार्जिंगचा दिवा लुकलुकतोय. बॅटरी रिपोर्ट काढला, मूळ ९०,००० मिलीवॅट-अवरची बॅटरी आता ३१,००० वर. म्हणजे जॅक ढिला पडला की सगळा भार बॅटरीवर आणि ती बिचारी दोन सेकंदही धरत नव्हती. दुसऱ्या माणसाकडून जॅक बदलला, चौदाशे रुपये. काल रात्री अडीच तास खेळलो, एकदाही गेला नाही. मॅच हरलो ते सोडा. बॅटरी पुढच्या पगाराला, तोपर्यंत लाईट गेली की मीपण गेलो.