पॅकेज निवडताना स्कोअरकार्डच्या आकड्यावर विसंबावं का?

सागरवेळ
माझं मत स्पष्ट आहे. कुठलंही ओपन सोर्स पॅकेज (इतरांनी लिहून सर्वांना खुला केलेला तयार कोड) घेण्याआधी ओपनएसएसएफ स्कोअरकार्ड, म्हणजे प्रोजेक्टची सुरक्षा आपोआप तपासून गुण देणारं साधन, चालवावं आणि 10 पैकी 7 पेक्षा कमी गुण असतील तर ते घेऊच नये. कोड रिव्ह्यू होतो का, ब्रांच प्रोटेक्शन (मुख्य कोड कुणी परस्पर बदलू नये म्हणून घातलेलं बंधन) आहे का, वर्कफ्लोमध्ये (प्रोजेक्टच्या आपोआप चालणाऱ्या कामांमध्ये) काही धोकादायक आहे का, हे त्यात तपासलं जातं. डेडलाइन डोक्यावर असताना कोड वाचत बसायला कुणाला वेळ असतो? नियम नसेल तर टीममधला प्रत्येकजण हवं ते उचलतो.

निरंजन_क
अजिबात पटलं नाही. देखभाल चालू आहे का हे बघणारी ‘मेंटेन्ड’ हीच तपासणी घ्या. गेल्या 90 दिवसांत आठवड्याला किमान एक कमिट (कोडमध्ये नोंदवलेला बदल) असेल तर पूर्ण गुण. एखाद्या छोट्या लायब्ररीचं काम पूर्ण झालंय, बदलण्यासारखं काही उरलेलंच नाही, म्हणून ती आजारी ठरवायची?

आता उलट बाजू बघा. एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचा मेंटेनर (ते सांभाळणारा) एकटा आणि थकलेला होता. ‘जिया टॅन’ नावानं कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं इमानानं काम करून विश्वास कमावला, रिलीज काढायचा अधिकार मिळवला आणि 2024 मध्ये 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांमधून बॅकडोअर (गुपचूप आत शिरायची चोरवाट) घुसवलं. बाहेरून बघणाऱ्याला त्या काळात प्रोजेक्टची तब्येत सुधारतेय असंच वाटलं असतं! शेवटी पकडलं ते अँड्रेस फ्रॉइंड यांनी, एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावताना.

सागरवेळ
ते दुर्मिळ प्रकरण आहे. त्याच्या धास्तीनं रोजची तपासणी सोडायची का?

निरंजन_क
2018 मधल्या इव्हेंट-स्ट्रीम या जावास्क्रिप्ट पॅकेजचं काय मग? मूळ लेखकाला वेळ नव्हता, एका अनोळखी माणसानं मागितला म्हणून त्यानं प्रकाशनाचा हक्क देऊन टाकला. त्या माणसानं फ्लॅटमॅप-स्ट्रीम ही डिपेंडन्सी (पॅकेज ज्यावर अवलंबून असतं ते दुसरं पॅकेज) जोडली आणि तिच्यातून कोपे या बिटकॉइन ठेवायच्या वॉलेटमधल्या बिटकॉइनवर डल्ला मारायचा डाव होता. हक्क कुणाच्या हातात गेला, हे आकड्यात कुठे दिसतं?

मीरा_टी
तुम्ही दोघंही रिपॉझिटरीवरच, म्हणजे कोड जिथे लिहिला जातो त्या साठ्यावरच, भांडताय. आपण इन्स्टॉल करतो ते रिलीजचं आर्काइव्ह, म्हणजे प्रकाशित केलेलं गाठोडं! एक्सझेडमध्ये बॅकडोअर जागं करणारा एम4 फाइलमधला (बिल्डच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या फाइलमधला) बदल गिटमध्ये, म्हणजे रिपॉझिटरीत, नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (त्याच आर्काइव्हमध्ये) होता. म्हणून माझा आग्रह असा: आर्काइव्हची तुलना गिटमधल्या टॅगशी (त्या आवृत्तीच्या कोडवरच्या खुणेशी) करा, इन्स्टॉल होताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट बंद ठेवा, लॉकफाइल (डिपेंडन्सींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) कमिट करा आणि नवी आवृत्ती आली की थोडं थांबा. स्कोअर पहिली चाळण म्हणून ठीक आहे, त्यावर निर्णय नको.

सागरवेळ
शेकडो डिपेंडन्सींची तुलना कोण करणार?

मीरा_टी
तुलना स्क्रिप्टनं होते. माणसानं फक्त फरक निघालेल्या फाइली वाचायच्या. बिल्डमध्ये तयार होणाऱ्या फाइलींमुळे निरुपद्रवी फरकांची गर्दी खूप होते हे मान्य, पण एक्सझेडमधला तो बदल त्याच गर्दीत लपला होता.

निरंजन_क
थांबण्याबद्दल शंका आहे. 5.6.0 फेब्रुवारीत आलं, बिंग फुटलं 29 मार्चला. चार दिवस थांबून काय साधलं असतं?

मीरा_टी
चार दिवसांनी काहीच नाही. पण डेबियन या लिनक्सच्या स्टेबल (स्थिर) आवृत्तीत ते पोचलं नव्हतं, कारण तिथे नव्या आवृत्त्या इतक्या लवकर घेतच नाहीत. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर लगेच घ्या, बाकीच्यांना काही आठवडे जाऊ द्या.