इंग्रजी वाक्यांचे प्रकार नेमके किती : तीन, चार की पाच?

प्रश्न

नमस्कार. बऱ्याच वर्षांनी मी इंग्रजी व्याकरण पुन्हा मुळापासून शिकत आहे आणि वाक्यांच्या प्रकारांपाशी अडखळले आहे. एका पुस्तकात विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी आणि उद्गारार्थी असे चार प्रकार दिले आहेत, दुसऱ्यात सिंपल, कंपाउंड आणि कॉम्प्लेक्स असे तीन, तर तिसऱ्यात कर्ता, क्रियापद आणि कर्म यांच्या मांडणीवरून पाच. यांतले खरे कोणते मानावे? शाळेत मराठीतील केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्ये शिकले होते, म्हणून इंग्रजी वाक्याचे मनात भाषांतर करून मी त्याचा प्रकार ठरवते. पण उत्तर वारंवार चुकते. ‘द बुक दॅट आय बॉट इज ऑन द टेबल’ म्हणजे ‘मी घेतलेले पुस्तक टेबलावर आहे’. हे मी केवल वाक्य धरले, उत्तरसूचीत मात्र ते कॉम्प्लेक्स आहे. इतके सोपे वाक्य कॉम्प्लेक्स कसे?

उत्तर १

तिन्ही पुस्तके बरोबर आहेत. त्यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. पहिले पुस्तक वाक्य कशासाठी उच्चारले ते पाहते, दुसरे त्यात किती उपवाक्ये (स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेले वाक्याचे भाग) आहेत आणि ती कशी जोडली आहेत ते पाहते, आणि तिसरे एकाच उपवाक्याची आतली रचना तपासते. त्यामुळे ‘व्हेअर डिड यू गो व्हेन द रेन स्टार्टेड?’ हे वाक्य पहिल्या पट्टीने प्रश्नार्थी आणि दुसऱ्या पट्टीने कॉम्प्लेक्स ठरते, आणि त्यात विरोध काहीच नाही.

तुमची अडचण भाषांतरात आहे. वाक्याचा प्रकार अर्थावरून ठरत नाही, तो त्या भाषेतील पूर्ण क्रियापदांवरून ठरतो. पूर्ण म्हणजे ज्याला स्वतःचा कर्ता आहे आणि जे काळ दाखवते ते. तुमच्या इंग्रजी वाक्यात अशी दोन क्रियापदे आहेत, ‘बॉट’ आणि ‘इज’. पहिल्याचा कर्ता ‘आय’ आणि दुसऱ्याचा ‘द बुक’. मराठीत भाषांतर करताना तुम्ही ‘बॉट’चे ‘घेतलेले’ केलेत. ते धातुसाधित, म्हणजे धातूपासून बनलेले, विशेषण आहे, क्रियापद नव्हे, आणि म्हणून तुमचे मराठी वाक्य खरोखरच केवल आहे. तेच ‘जे पुस्तक मी घेतले, ते टेबलावर आहे’ असे लिहिलेत, तर मराठी वाक्यही मिश्र होते. मराठीला धातुसाधितांची फार आवड आहे; इंग्रजी जिथे ‘दॅट’, ‘हू’ किंवा ‘विच’ने अख्खे उपवाक्य जोडते, तिथे आपण बहुधा ‘-लेला’, ‘-णारा’ वापरून एका शब्दात काम भागवतो. म्हणून प्रकार ओळखायचा असेल तेव्हा भाषांतर बाजूला ठेवावे आणि इंग्रजी वाक्यातल्या पूर्ण क्रियापदांखाली रेघा ओढाव्यात.

धातुसाधिते इंग्रजीतही असतात, हे मात्र विसरू नये. ‘हॅविंग फिनिश्ड द वर्क, शी लेफ्ट’ यात पूर्ण क्रियापद ‘लेफ्ट’ एवढेच आहे, त्यामुळे हे सिंपल वाक्य आहे. ‘काम संपवून ती निघाली’ हेही तसेच केवल.

उत्तर २

वरील उत्तराला थोडी जोड देतो. सिंपल म्हणजे केवल, कंपाउंड म्हणजे संयुक्त आणि कॉम्प्लेक्स म्हणजे मिश्र. इथे ‘कॉम्प्लेक्स’चा अर्थ अवघड असा घेऊ नये. सिंपल वाक्य तीन ओळींचे असू शकते आणि कॉम्प्लेक्स वाक्य चार शब्दांतही संपते : ‘आय नो यू केम’. काही पुस्तके कंपाउंड-कॉम्प्लेक्स हा चौथा प्रकारही मानतात. त्यात निदान दोन मुख्य वाक्ये आणि एक गौण, म्हणजे मुख्य वाक्यावर अवलंबून असलेले, वाक्य असते.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. रेघा ओढून पाहिल्यावर बरीच वाक्ये सुटली. मात्र ‘बिकॉज’ आणि ‘फॉर’ या दोहोंचा अर्थ ‘कारण’ असा असताना पहिल्याने कॉम्प्लेक्स वाक्य होते आणि दुसऱ्याने कंपाउंड, ते का?

उत्तर ३

इथेही अर्थ उपयोगी पडत नाही, शब्दाची वागणूक पाहावी लागते. समान दर्जाची वाक्ये जोडणारे सात छोटे शब्द पुस्तकांतून एकत्र दिलेले असतात : अँड, बट, ऑर, नॉर, फॉर, सो आणि येट. मराठीतील प्रधानत्वसूचक उभयान्वयी अव्ययांशी त्यांचे नाते आहे. ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’, ‘इफ’, ‘व्हेन’ हे शब्द गौणत्वसूचक आहेत. ओळखण्याची एक चांगली कसोटी म्हणजे उपवाक्य उचलून वाक्याच्या सुरुवातीला नेऊन पाहणे. ‘वी स्टेड इन बिकॉज इट वॉज रेनिंग’ हे ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, वी स्टेड इन’ असे फिरवता येते. ‘फॉर’ने सुरू होणारे उपवाक्य असे पुढे नेता येत नाही.

याच ठिकाणी आपल्याकडून एक चूक सतत होते आणि ती मला फार खटकते. मराठीत ‘जरी… तरी’, ‘जर… तर’ अशा जोड्या असल्यामुळे आपण ‘ऑल्दो इट वॉज लेट, बट शी केम’ असे लिहितो. इंग्रजीत दोन उपवाक्यांना एकच जोडणारा शब्द पुरतो. ‘ऑल्दो’ ठेवावा किंवा ‘बट’, दोन्ही नकोत. याउलट ‘इट वॉज लेट, शी केम’ असे नुसत्या स्वल्पविरामाने जोडलेले वाक्य काटेकोर इंग्रजी लेखनात चूक मानले जाते. तिथे जोडशब्द, अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा.

उत्तर ४

तिसऱ्या पुस्तकातले पाच साचे मागे पडले, म्हणून लिहिते. ‘बर्ड्स फ्लाय’ यात कर्ता आणि क्रियापद, ‘शी रीड्स बुक्स’ यात त्यांच्या जोडीला कर्म, ‘शी इज टायर्ड’ यात पूरक (कर्ता कसा किंवा कोण आहे ते सांगणारा शब्द), ‘शी गेव्ह मी अ बुक’ यात दोन कर्मे, आणि ‘दे मेड हर हॅपी’ यात कर्म व त्याचे पूरक. काही व्याकरणकार सात साचे मोजतात, कारण ‘शी पुट द बुक ऑन द टेबल’ यातले ‘ऑन द टेबल’ काढले, तर वाक्य अपुरे राहते.

हे साचे मला उपवाक्यांच्या प्रकारांहून अधिक मोलाचे वाटतात. ‘कुत्र्याने मांजराला पाहिले’ आणि ‘मांजराला कुत्र्याने पाहिले’ यांत कोणी कोणाला पाहिले ते बदलत नाही, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय नाती सांभाळतात. इंग्रजी नामांना असे प्रत्यय नाहीत. तिथे जागाच नाते सांगते. ‘द डॉग सॉ द कॅट’ यातील नामांची अदलाबदल केली की पाहणारे मांजर होते. म्हणून पूर्ण क्रियापदांखाली रेघा ओढून झाल्यावर प्रत्येक क्रियापदाच्या डावीकडे त्याचा कर्ता शोधावा आणि मग उजवीकडे काय आले आहे ते पाहावे. प्रश्नार्थी वाक्यात तेवढा कर्ता बहुधा साहाय्यक क्रियापदानंतर सापडेल.