अंडकोशाच्या त्वचेवर कठीण गाठी: शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न (तासगाव)
माझे वय ३४ वर्षे असून आमची द्राक्षबाग आहे. सात-आठ वर्षांपूर्वी अंडकोशाच्या त्वचेवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन गाठी आल्या होत्या; आता त्या पंधरा-वीस झाल्या असून सर्वांत मोठी सुपारीएवढी आहे. त्या दुखत नाहीत, परंतु गेल्या महिन्यात एक फुटून ओल्या खडूसारखा पांढरा चुरा बाहेर आला, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. हा कर्करोग असेल का? शस्त्रक्रियेने मूल होण्यास अडचण येईल का? घरात अद्याप कोणालाही सांगितलेले नाही.

उत्तर १ (शल्यचिकित्सक, मिरज)
आपल्या वर्णनावरून ‘स्क्रोटल कॅल्सिनोसिस’, म्हणजे त्वचेत कॅल्शियम साचून झालेल्या गाठी, ही शक्यता प्रथम मनात येते. मात्र प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान पक्के मानू नये. हा विरळा आजार कर्करोग नव्हे आणि संसर्गजन्यही नाही. रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरक (रक्तातील कॅल्शियमवर नियंत्रण ठेवणारे) तपासून घ्यावे. या आजारात ते बहुधा योग्य प्रमाणातच असतात, त्यामुळे दूध किंवा नाचणी सोडण्याचे कारण नाही. १८८३ मध्ये प्रथम वर्णन होऊनही कारणाबाबत मतभेद आहेत: अनेकांच्या मते त्वचेतील जुन्या, पिशवीसारख्या गाठींमध्येच (सिस्ट) पुढे कॅल्शियम साचते, पण काही गाठींत अशा पिशवीचे अस्तर सापडत नाही.

गोळ्या-मलमांनी या गाठी विरघळत नाहीत. त्या कापून काढणे हाच उपाय. त्या त्वचेच्या थरातच असतात आणि वृषण त्याखाली स्वतंत्र आवरणांत असतात, म्हणून अपत्यप्राप्तीची चिंता सहसा नसते. तेथील त्वचा सैल असल्याने बराच भाग काढला तरी थेट टाके घालता येतात. त्वचारोपण क्वचितच लागते. मात्र बारीक दाणे मागे राहिले तर तेच पुढे वाढतात. काढलेला भाग पॅथॉलॉजी तपासणीसाठी पाठवायलाच हवा, कारण निदानावर शिक्कामोर्तब तेथेच होते.

उत्तर २ (विटा)
मी या शस्त्रक्रियेतून गेलो आहे. लाजेपायी गाठी स्वतः दाबून फोडत राहिलो आणि पू झाल्यावरच दवाखाना गाठला. आपण तसे अजिबात करू नका. डॉक्टरांनी काढलेली एक गाठ कापून दाखवली, तेव्हा पातीखाली वाळूसारखी करकर ऐकू आली आणि आत घट्ट चुन्यासारखा गोळा दिसला. त्या रात्री पत्नीला सर्व सांगितले.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. छाटणी तोंडावर आली आहे. शस्त्रक्रियेनंतर ट्रॅक्टर कधी चालवता येईल?

उत्तर १
जखम पूर्ण भरेपर्यंत ट्रॅक्टर आणि मोटारसायकल टाळा; सूज उतरण्यासाठी आधार देणारी घट्ट अंतर्वस्त्रे वापरा. गाठ पुन्हा फुटली नाही, ताप किंवा लाली नाही, तर छाटणी उरकून शस्त्रक्रिया केली तरी चालेल. तपासणी मात्र याच आठवड्यात करून घ्या.