मदत हवी आहे: स्टेजवर बेस गिटारचा आवाज नुसता घुमतो, सूर कळत नाही, शिवाय डीआय (मिक्सरला जाणारा आउटपुट) जोडला की गुणगुण

मंद्रतार

नमस्कार मंडळी. शक्य तेवढी नेमकी माहिती देतो, म्हणजे उलट प्रश्न कमी पडतील.

बेस: चार तारांचा, पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला), जॅझ पद्धतीचे दोन पिकअप (तारांची कंपनं पकडणारे). निकेलच्या तारा, ४५ ते १०५.
साखळी: ५ मीटर केबल, ट्यूनर पेडल, क्लास डी हेड (म्हणजे अॅम्प्लिफायर; ४ ओहमला ५०० वॅट, किमान लोड ४ ओहम), ८ ओहमचे, प्रत्येकी एक बारा इंची स्पीकर असलेले दोन कॅबिनेट, शेजारी शेजारी.
हेडवरचे नॉब (घड्याळाच्या काट्यासारखे, १२ म्हणजे मधोमध): बेस ३ वाजता, मिड १० वाजता, ट्रेबल १ वाजता.
बँड: ड्रम्स, दोन गिटार, कीबोर्ड, गायक.
स्टेज: लाकडी, आतून पोकळ प्लॅटफॉर्म. कॅबिनेट मागच्या भिंतीपासून साधारण १ मीटर पुढे.

अडचणी:
१. खालचा ए अंगावर येतो, ई आणि एफ पोकळ लागतात. बाकी सूर आहेत एवढंच जाणवतं, कुठला वाजला ते ड्रमरला कळत नाही. आवाज वाढवला की घुमणं वाढतं, स्पष्टता नाही.
२. हेडच्या डीआय आउटमधून मिक्सरला केबल गेली की गुणगुण सुरू. केबल काढली की बंद.
३. तिसरा ८ ओहमचा, चार दहा इंचीवाला कॅबिनेट मिळतो आहे. तो जोडला तर पहिली अडचण सुटेल का?
४. ऐन कार्यक्रमात हेड बंद पडलं तर हाताशी काय असावं?

खर्ज

पहिल्या अडचणीचं मूळ बहुतेक त्या ३ वाजताच्या नॉबमध्ये आहे. बऱ्याच हेडवर बेसचा नॉब अधिक-उणे १५ डेसिबलचा असतो. ३ वाजता म्हणजे खर्जात साधारण ८ ते १० डेसिबल वाढ, आणि १० डेसिबल म्हणजे त्या पट्ट्यात दहापट ताकद. जिथे ४० वॅट पुरले असते तिथे ४०० लागतात. मग हेड दमतं, बारा इंची कोन (स्पीकरचा पडदा) मर्यादेपर्यंत हलतो, आणि ज्या मिडमुळे सूर ओळखू येतो तो १० वाजता कापलेला आहे. खोलीत एकट्याने वाजवताना ही जुळणी सुरेख लागते, कारण तिथे मिडसाठी भांडणारं कोणी नसतं. बँडमध्ये गिटार, कीबोर्डचा डावा हात आणि किकड्रम आले की तुमच्याकडे फक्त घूं उरतं.

उघड्या चौथ्या तारेचा ई ४१.२ हर्ट्झ आहे. एवढ्या छोट्या कॅबिनेटमधून तो मूळ स्वर फार थोडा बाहेर येतो. आपण ऐकतो ते मुख्यतः ८२ आणि १२४ हर्ट्झचे वरचे अंश (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनं), त्यावरून मेंदू खालचा ई जुळवतो. म्हणजे 'अजून खर्ज हवा' असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा १०० ते ४०० हर्ट्झ कमी पडलेलं असतं.

असं करून बघा. सगळे नॉब १२ वाजता. (जुन्या पद्धतीच्या पॅसिव्ह टोन सर्किटच्या हेडमध्ये १२ वाजता म्हणजे सपाट नसतं, तिथे पुस्तिका बघा.) आधी गेन (आत येणाऱ्या सिग्नलचा नॉब): सगळ्यात जोरात वाजवाल तसं वाजवा, क्लिपचा दिवा क्वचित लुकलुकेल इतपत ठेवा, मग मास्टरने आवाज आणा. आता पूर्ण बँड वाजत असताना मिड १ ते २ वाजेपर्यंत चढवा. मिडची फ्रिक्वेन्सी निवडता येत असेल तर अंग भरायला २५० च्या आसपास, बोटांचा आघात कळायला ७०० ते ८०० च्या आसपास. बेस ११ वाजता आणा. एकट्याने ऐकलं तर हा आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल. तरी एकट्याने ऐकून बदलू नका, निर्णय बँडमध्येच करा.

दुसरा भाग जागेचा, आणि तुमच्या ई-एफचं उत्तर तिथे आहे. खर्ज कॅबिनेटच्या पुढे जातो तसा मागेही जातो. मागचा भिंतीवर आपटून परत येतो. कोनपासून भिंत १ मीटर असेल तर परतलेली लहर २ मीटर जास्त चालून येते, आणि ज्या स्वराची अर्धी लहर २ मीटर आहे तिथे दोन्ही एकमेकींना खातात. ३४३ भागिले ४, म्हणजे सुमारे ८६ हर्ट्झ. खालच्या ई आणि एफचे दुसरे अंश ८२ आणि ८७. बरोबर खड्ड्यात! नॉब कितीही फिरवा, जी लहर रद्द होते आहे ती वाढत नाही.

कॅबिनेट भिंतीला लावा. मागे पोर्ट (हवा जाण्याचं भोक) असेल तर १० ते १५ सेंटीमीटर सोडा. मग हा खड्डा २०० हर्ट्झच्या आसपास सरकतो. तिथे कॅबिनेट पुढच्या बाजूला जास्त आणि मागे कमी फेकतो, त्यामुळे खड्डा उथळ राहतो. भिंतीमुळे एकूण खर्ज वाढेल, म्हणून बेसचा नॉब आणखी थोडा खाली.

ए घुमण्याची कारणं दोन असू शकतात. वाजवत ठेवून स्टेजवर चालून बघा (नाहीतर दुसऱ्या कोणाला वाजवायला सांगा). जागेनुसार ए कमीजास्त होत असेल तर खोली दोषी. उदाहरणार्थ ३.१ मीटर उंच छत ५५ हर्ट्झला, म्हणजे खालच्या ए ला, नेमकं धरतं. सगळीकडे सारखाच आणि तळपायाला जाणवत असेल तर पोकळ प्लॅटफॉर्म ढोलासारखा वाजतो आहे. खोली असेल तर पॅरामेट्रिक ईक्यूने (हवा तो पट्टा निवडून कमीजास्त करणारं साधन) ५५ किंवा ११० हर्ट्झला अरुंद पट्टा धरून ३ ते ६ डेसिबल कापा. कुठला ते आधी वाढवून शोधा, सापडला की उणे करा. प्लॅटफॉर्म असेल तर कॅबिनेटखाली ५ ते ८ सेंटीमीटर जाड, दाट फोम घाला. वजनाने पूर्ण दबणारा मऊ फोम उपयोगाचा नाही.

कॅबिनेट शेजारी शेजारी नकोत, एकावर एक रचा. वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो आणि मिड ऐकू येतो. सध्या तुम्ही तुमच्या गुडघ्यांना बेस ऐकवत आहात, म्हणून हात आपोआप ट्रेबल आणि आवाजाच्या नॉबकडे जातो.

शेवटचं, आणि माझ्या मते तिसऱ्या कॅबिनेटपेक्षा कितीतरी उपयोगी: हाय पास फिल्टर (ठरलेल्या हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा). चार तारांच्या बेसला ३५ ते ४० हर्ट्झ, निदान १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह. पोर्टवाल्या कॅबिनेटमध्ये पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो त्याच्या खाली हवेचा आधार सुटतो, कोन ऐकू न येणाऱ्या कंपनांवर नुसता आपटत राहतो. पिकअपवर अंगठा टेकवला तरी असा धक्का जातो. फिल्टर लावल्यावर आवाज बारीक झाल्यासारखा वाटत नाही, मोकळा वाटतो.

तांब्याची तार

गुणगुणीबद्दल. 'केबल काढली की बंद' यावरून अर्थ लूपचा (अर्थिंगच्या दोन जोडण्यांमुळे झालेल्या वेढ्याचा) संशय घ्यायला हरकत नाही. हेड स्टेजवरच्या सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या टोकाला वेगळ्या सॉकेटवर. दोन्हींची अर्थ वायरिंगमधून जोडलेली, आणि डीआयच्या केबलची जाळी तेच दोन बिंदू दुसऱ्यांदा जोडते. या वेढ्यातून विजेचा ५० किंवा ६० हर्ट्झ आणि त्याचे वरचे अंश फिरतात.

क्रमाने तपासा:

बेसचा आवाज शून्य करा. गुणगुण तशीच राहिली तर लूप. गेली तर पिकअप किंवा बेसची वायरिंग.

लूप असेल तर हेडच्या मागचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते एक्सएलआरची (मिक्सरला जाणाऱ्या तीन पिनांच्या केबलची) फक्त १ नंबरची पिन सोडवतं, सिग्नल २ आणि ३ वरून जातच राहतो. न थांबल्यास स्टेज आणि मिक्सर एकाच वितरण बोर्डावरून घ्या. तरीही राहिली तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळेल असा करून देणारी पेटी).

पिकअप असेल तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. जॅझ पद्धतीच्या बहुतेक बेसमध्ये एक पिकअप उलट गुंडाळलेलं आणि उलट चुंबकाचं असतं, दोन्ही सारखे उघडले की गुणगुण कटते. एक थोडं जरी कमी केलं तरी परत येते. स्टेजवरचे डिमर आणि पॉवर अडॅप्टर यांपासून लांब उभे राहा. जागच्या जागी ९० अंश वळलात तरी फरक कळेल. तारांना हात लावल्यावर खरखर कमी होत असेल तर ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे, शील्डिंग कमी आहे.

आणि एक गोष्ट कृपया कधीही करू नका: हेडच्या प्लगची अर्थ पिन काढणं किंवा तिच्यावर टेप लावणं. गुणगुण जाते, पण हेडमध्ये बिघाड झाला तर हेडचा सांगाडा आणि तुमच्या तारा विजेच्या दाबावर येतात, आणि ओठ अर्थ असलेल्या माइकला लागतात. यात माणसं दगावतात. तारांना किंवा माइकला हात लावताना मुंग्या आल्या तर वाजवणं थांबवा, आधी सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या.

मिक्सरमागून

वरच्या दोघांना अनुमोदन. मिक्सरच्या बाजूने काही भर.

हेडच्या डीआयला प्री (टोनच्या नॉबच्या आधीचा सिग्नल) आणि पोस्ट (नॉबनंतरचा) असं बटण असेल तर प्रीवर ठेवा. पोस्टवर असलं तर तुम्ही पोकळ स्टेजसाठी बेस कापलात की हॉलमधलाही कापला जातो, आणि गाण्यागणिक बदलत राहतो. प्रीवर असलं की तुमची स्टेजची जुळणी तुमच्यापुरती.

त्याहून बरं म्हणजे वेगळा डीआय बॉक्स हेडच्या आधी: बेस, ट्यूनर, डीआय, आणि डीआयच्या थ्रूमधून (आलेला सिग्नल तसाच पुढे देणारा जॅक) हेडला. एक सावधगिरी. ट्रान्सफॉर्मरवाल्या पॅसिव्ह डीआयचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण १०० ते १५० किलोओहम असतो. पॅसिव्ह बेसला १ मेगाओहमच्या आसपास हवा. थेट जोडलात तर वरची चकाकी जाते. म्हणून तुमच्यासाठी अॅक्टिव्ह डीआय योग्य, किंवा पॅसिव्ह डीआयच्या आधी बफर (सिग्नल कमजोर पडू न देणारं सर्किट) असलेलं पेडल. ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल थेट पुढे सोडणाऱ्या) ट्यूनरला बफर नसतो, हे ध्यानात ठेवा. अॅक्टिव्ह डीआय मिक्सरकडून केबलमधून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चालतो की बॅटरीवर, ते आधी विचारून घ्या, आणि चॅनल म्यूट आहे याची खात्री करूनच केबल लावा किंवा काढा.

एका मुद्द्यावर मात्र खर्ज यांच्याशी थोडा मतभेद. हॉलच्या सिस्टिममध्ये सबवूफर (फक्त खर्जाचे मोठे स्पीकर, थोडक्यात सब) असतील तर खर्ज आमच्यावर सोडा आणि स्टेजवर मिड ठेवा, हे शंभर टक्के बरोबर. पण नुसते दहा-बारा इंची टॉप (वरचे मुख्य स्पीकर) असतील आणि गायकाचा आवाजच त्यातून जात असेल, तर खालचा भाग तुमच्या कॅबिनेटलाच पेलायचा आहे. तिथे बेस ११ वर नको, १२ वरच राहू द्या. साउंडचेकच्या आधी सब आहेत का, एवढं विचारा.

मंद्रतार

खूप आभार. तपासून आलो. बेसचा व्हॉल्यूम शून्य करूनही गुणगुण होती, लिफ्ट दाबल्यावर पूर्ण गेली. प्रीवर टाकलं. कॅबिनेट एकावर एक, भिंतीला लावून, बेस ११ आणि मिड २ वर: ई आणि एफ परत आले. ए अजून घुमतो, पायाला जाणवतो, म्हणजे प्लॅटफॉर्म. फोम आणतो आहे. तिसऱ्या कॅबिनेटचं आणि पर्यायी सामानाचं राहिलं.

ओहम

तिसरा कॅबिनेट या हेडला जोडू नका. ८ ओहमचे दोन समांतर म्हणजे ४ ओहम, तुमच्या हेडची मर्यादा तिथेच संपली. तिसरा आला की ८ भागिले ३, सुमारे २.७ ओहम. हेड तापून स्वतःला बंद करेल, तेही नेमकं जोरात वाजवताना. एका कॅबिनेटमधून दुसऱ्यात केबल नेली तरी जोडणी समांतरच राहते, माळेसारखी दिसते म्हणून सिरीज होत नाही. चार दहा इंचीवाला हवाच असेल तर तो एकटा वापरा किंवा एका बारा इंचीसोबत. पण वेगवेगळ्या घडणीचे कॅबिनेट एकत्र केले की काही स्वर वाढतात, काही खाल्ले जातात. तुमच्याकडचे दोन सारखे आहेत, ते सोडू नका.

हेड ते कॅबिनेट कुठली केबल आहे हे लिहिलं नाहीत. ५०० वॅट ४ ओहममध्ये म्हणजे सुमारे ११ अँपिअर. गिटारच्या केबलमधली बारीक मधली तार त्यासाठी नाही. ती तापते, वितळून शॉर्ट झाली तर हेडचा आउटपुट जातो. दोन्ही बाजूंनी जॅक सारखे दिसतात म्हणून ही चूक वारंवार होते. दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची दोन तारांची स्पीकर केबल आणि शक्यतो स्पीकॉन (खास स्पीकरसाठीचा) कनेक्टर वापरा, म्हणजे चुकीची केबल लागणारच नाही.

पर्यायी सामान: मिक्सरमागून यांनी सांगितलेला वेगळा डीआय हाच खरा आधार. हेड गेलं तरी हॉलमध्ये बेस चालू राहतो, तुम्हाला मॉनिटरमधून ऐकू येतो. शिवाय पिशवीत एक बेसची केबल, एक एक्सएलआर, एक स्पीकर केबल. हेडवर लिहिलेल्याच मूल्याचा आणि प्रकाराचा फ्यूज (टी लिहिलं असेल तर स्लो ब्लोच). डीआय बॅटरीवर चालत असेल तर नवी ९ व्होल्टची. तारांचा एक संच, कातर, ट्रस रॉडची किल्ली, टॉर्च, कापडी टेप. ट्यूनरचा अडॅप्टर बदलून घ्यायची वेळ आली तर व्होल्ट आणि ध्रुव दोन्ही बघा. बऱ्याच पेडलना ९ व्होल्ट, मध्यभागी ऋण लागतो; उलटा लावला तर पेडल जळू शकतं.

खर्ज

फोम टाकल्यावर ए किती उरतो ते लिहा. उरलाच तर कॅबिनेट प्लॅटफॉर्मवरून उतरवून मागे थेट जमिनीवर ठेवता येतो का ते बघा. कानापासून थोडा खाली जाईल, तेव्हा पुढच्या बाजूला लाकडी पाचर घालून मागे कलता करा.