होळीनंतर उजनीवर पक्षी बघायला जायचंय, उशीर झालाय का? सल्ला हवा

नवी दुर्बीण:
नमस्कार मंडळी. होळीनंतरच्या रविवारी पुण्याहून उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला जायचा बेत आहे. सोबत बाबा (वय ७२, गुडघे कुरकुरतात) आणि नववीतली पुतणी. पक्ष्यांचं खरं वेड तिला, मी आपली ड्रायव्हर. ऑफिसातला एक जण म्हणाला, "आता काय उरलंय तिथे? जानेवारीत जायचं असतं." खरंच उशीर झालाय का? रोहित (फ्लेमिंगो) दिसतील ना? नावेत बसावं की काठावरूनच बघावं? दुर्बीण ८ बाय ४२ आहे, कॅमेरा फोनचाच.

पिवळा धोबी:
बदकांपुरतं ऑफिसातल्या गृहस्थांचं बरोबर आहे. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक यांची खरी गर्दी डिसेंबर-जानेवारीत. पट्टकादंबांनाही (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) मार्चमध्ये हिमालयापलीकडचे वेध लागलेले असतात, मिळाले तर नशीब.

रोहितांचं गणित वेगळं. ते कॅलेंडर बघून येत नाहीत, पाणी बघून येतात. उथळ पाण्यात उभं राहून, चोच उलटी बुडवून चिखलपाणी गाळत खायचं ही त्यांची रीत. धरण तुडुंब असेल तर पाय टेकायलाच जागा नाही, मग येऊन करतील काय? उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ च्या आसपास तळाचा मृतसाठा. शेतीला आवर्तनं सुटली की पाणी उतरतं, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला चिखलपट्टे उघडे पडतात, आणि तिथे हे लोक येऊन उभे. २०२४ मध्ये जानेवारीतच धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेलं होतं. पावसाने हात सैल सोडलेल्या वर्षी हेच चित्र दिसायला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणून तारीख विचारणाऱ्याला मी एकच सांगतो, पेपरातली उजनीची टक्केवारी बघा. ज्या बातमीने शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो तीच वाचून आपण नावाड्याला फोन लावतो, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

कवड्या खंड्या:
धोबी म्हणतात ते खरं. त्यात माझी भर: हिवाळ्यापेक्षा मला हेच दिवस आवडतात, कारण पाहुणे जायच्या आधी कपडे बदलतात. तपकिरी डोक्याचा कुरव घ्या. थंडीत त्याचं डोकं पांढरं, कानामागे एक डाग, बस्स. नवख्याला नाव आणि पक्षी यांचा मेळच लागत नाही. मार्चपासून तेच डोकं चॉकलेटी व्हायला लागतं. पिवळा धोबी (पक्षी, वरचे सद्गृहस्थ नव्हेत) थंडीत मळकट, आता हळदीत बुडवून काढल्यासारखा. गायबगळ्याच्या डोक्यावर केशरी छटा चढते. नदी सुरयांची तर लगीनघाई चालू असते. नर चोचीत मासा धरून मादीपुढे मिरवतो, ती घेईपर्यंत हटत नाही. पुतणीला हे दाखवाच.

नावेबद्दल: काठावरून रोहित म्हणजे लांबवर एक गुलाबी रेघ. नाव हवीच. तिथले नावाडी मूळचे मासेमार, कोणता पक्षी आज कुठे आहे हे त्यांना पाठ असतं. भाडं आणि किती वेळ फिरवणार ते चढायच्या आधी ठरवून घ्या. बाबांसाठी सांगते, नावेत बसणं सोपं, चढणं-उतरणं अवघड. पाणी उतरलेलं असलं की काठाला गुडघाभर चिखल असतो. कडक जमिनीला नाव लागेल अशी जागा आदल्या दिवशीच फोनवर विचारा. ८ पटीची दुर्बीण उत्तम. डुलत्या नावेत १० पटीने डोकं उठतं.

लाइफ जॅकेट तिघांनीही घाला, मागून घ्या. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात नाव उलटून सहा जण गेले. त्या पाण्यावर दुपारनंतर वारा कधी उठेल सांगता येत नाही. पहाटे साडेचारला निघालात तर सूर्य वर यायच्या सुमारास काठावर असाल. साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग दुर्बीण आणि कॅमेरा दोन्ही कुचकामी.

लेन्सवाला:
फोनवर फोटो हवा असेल तर एक युक्ती. नावाड्याला सांगा, रोहितांचा थवा उडेल इतकी जवळ घे. उभे असताना ते पांढरट दिसतात, पंख उघडले की लाल-काळा रंग दिसतो. दोन मिनिटांचं काम.

भिगवणकर:
लेन्सवाले दादा, ही युक्ती आमच्याकडं कुणी सांगितली तर आम्ही नाव माघारी फिरवतो. दिवसात वीस नावा जाणार आणि प्रत्येक जण दोन मिनिटं मागणार, तर त्या पाखरानं खायचं कधी? त्यांना पुढं लांब जायचं असतंय. मार्चमधी अजून एक गोष्ट असते. पाणी उतरून जी बेटं वर येतात त्यांच्यावर सुरय आन् आर्ली अंडी घालतात, उघड्या वाळूवर, काडी-काटकीचं घरटंबिरटं काही नाही. तुम्ही फोटोसाठी बेटावर उतरला की ती उडतात, आणि उन्हात अंडी भाजून जातात. पायाखाली गेली तरी कळत नाही, इतका रंग मिळताजुळता.

ताई, तुम्ही या. बाबांना त्रास नको म्हणून सकाळी नाव झाली की भादलवाडीच्या तलावाकडं जावा. तलावात पाणी असंल तर चित्रबलाकांचं (रंगीत करकोचे) सारंगागार, म्हंजी झाडावरच्या घरट्यांची वस्ती, गाडीच्या शेजारी उभं राहून दिसतं. बाभळी नुसत्या पांढऱ्या. नावेचा त्रास नाय, चिखल नाय.

लेन्सवाला:
बरं. बेटांचं माहीत नव्हतं.

पिवळा धोबी:
भिगवणकरांना दुजोरा. आणि चित्रबलाक लांबून बघून "रोहित!" म्हणून ओरडणारे दरवर्षी भेटतात, मीही त्यातला होतो. चित्रबलाकाची चोच जाड, लांब, पिवळट, गुलाबी रंग फक्त पाठीमागे शेपटीवर उतरलेल्या पिसांत. रोहिताची चोच मधेच वाकलेली. थव्यात राखाडी, मळकट रोहित दिसले तर ते आजारी नाहीत, गेल्या एक-दोन हंगामांतली पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातून येतो, चढायला काही वर्षं लागतात.

संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तर कडबनवाडीच्या माळावर चिंकारा बघता येतील. आणि सूर्यास्ताला आकाशाकडे लक्ष असू द्या. भोरड्यांचे (गुलाबी मैना) थवे परतीच्या आधी याच दिवसांत धुरासारखे वळतात.

नवी दुर्बीण:
जाऊन आले. आधी धन्यवाद, मग वृत्तांत.

रोहित होते. दोनशेपर्यंत मोजले, मग पुतणीने मोजणं माझ्याकडून काढून घेतलं, तिच्या मते मी तेच तेच मोजत होते. नावाड्याने लांबच इंजिन बंद केलं आणि वल्ह्याने नेलं. इतक्या शांततेत त्यांचा हंसासारखा गॅग-गॅग आवाज ऐकू आला, तो कुणी सांगितला नव्हता. पट्टकादंब सात, सगळे झोपलेले. कुरवाचं डोकं अर्धं चॉकलेटी, अर्धं पांढरं, दाढी अर्धवट करून उठल्यासारखं. सुरयाचा मासा देण्याचा कार्यक्रमही झाला, पण मादीने मासा घेतला आणि सरळ उडून गेली. बाबा म्हणाले, "असंच असतं."

बाबांना पक्ष्यांत फारसा रस नव्हता. त्यांना पळसदेवचं पाण्यात बुडालेलं देऊळ बघायचं होतं. शिखर वर आलं होतं, त्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. मग त्यांनीच दुर्बीण मागून घेतली आणि परत द्यायला अर्धा तास लावला. भादलवाडीला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं, चित्रबलाक मात्र गाडीतून दिसले. कडबनवाडी राहिली.

एक शंका. एका बेटाच्या कडेला चिमणीपेक्षा थोडे मोठे, वाळूच्या रंगाचे पक्षी होते. बसलेले असताना अजिबात दिसेनात. उडाले की थेट पाकोळीसारखे, पंखांखाली काळं आणि पांढरा पट्टा. पुतणी म्हणते पाकोळी नाही, कारण ते जमिनीवर बसले होते. कोण?

भिगवणकर:
आर्ली. छोटा आर्ली. पोरीचं बरोबर आहे, पाकोळी जमिनीवर बसत नाय. नावाड्यानं नाव किती लांब ठेवली होती?

नवी दुर्बीण:
बरीच लांब. आम्ही जवळ ने म्हटलं तर नाही म्हणाला.

भिगवणकर:
मग चांगला नावाडी मिळाला तुम्हाला. त्याचा नंबर जपून ठेवा.