चार देशांचा खाडी-संशोधन प्रकल्प: करारावर सही करण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे?

प्रश्न: प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका, रत्नागिरी जिल्हा

आमच्या महाविद्यालयाला एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भागीदार होण्याचे निमंत्रण आले आहे. गाळ, पाण्याची क्षारता आणि वेचणी यांचा खाडीतील तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) साठ्यावर काय परिणाम होतो, हा अभ्यासाचा विषय आहे. नेदरलँड्समधील एक विद्यापीठ समन्वयक आहे, पोर्तुगालमधील गट गाळाच्या हालचालीची प्रतिमाने तयार करणार आहे आणि व्हिएतनाममधील संस्था साठ्याच्या व्यवस्थापनाचा अनुभव आणणार आहे. तेथील पूर्वीच्या बेन त्रे प्रांतात (2025 पासून विन्ह लाँग प्रांताचा भाग) सहकारी संस्था तिसऱ्यांच्या साठ्याची राखण करतात, आणि त्या मत्स्यव्यवसायाला 2009 मध्ये शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. त्यामुळे ही भागीदारी मला मनापासून हवी आहे.

कराराचा मसुदा वाचल्यावर मात्र काळजी वाटू लागली. त्यात आमचे काम ‘नमुने गोळा करून पाठवणे’ एवढ्या एका ओळीत संपते. सर्व माहिती समन्वयकाकडे साठवली जाईल असे म्हटले आहे, शोधनिबंधांविषयी काहीच लिहिलेले नाही आणि आमच्या वाट्याचा निधी नंतर कळवला जाणार आहे. सहीपूर्वी कोणत्या गोष्टींचा आग्रह धरावा आणि कोणत्या परवानग्या आधी घ्याव्यात, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1: निवृत्त सागरी जीवशास्त्रज्ञ, मालवण

ती एक ओळ बदलून घेणे हेच तुमचे पहिले काम आहे, कारण पुढे निधी, निबंध आणि माहितीवरील हक्क यांची वाटणी करताना सगळे त्याच ओळीकडे बोट दाखवतील. कोणत्या जागी, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या पद्धतीने नमुने घ्यायचे हे ठरवणे, प्रजातींची ओळख पटवणे आणि वाढीच्या नोंदींचे विश्लेषण करणे ही कामे तुमच्या नावावर स्वतंत्र कार्यगट म्हणून लिहून घ्या आणि त्या कार्यगटाचे नेतृत्वही मागा. खाडी ओळखणारा भागीदार या प्रकल्पात तुमच्याशिवाय दुसरा कोणी नाही, म्हणून हे मागताना संकोच करण्याचे कारण नाही.

नमुने देशाबाहेर पाठवण्याचा प्रश्न जैवविविधता अधिनियम, 2002 खाली येतो. परदेशी संस्थेला आपली जैविक संसाधने संशोधनासाठी घ्यायची असतील, तर चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते, आणि संशोधनाचे निष्कर्ष परदेशी हाती सोपवण्यावरही कलम 4 चे बंधन आहे. कलम 5 मध्ये सहकार्य-प्रकल्पांना सवलत आहे, पण प्रकल्प केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असेल आणि त्याला शासनाची मान्यता असेल तरच ती मिळते. दोन संस्थांनी परस्पर करार केला म्हणजे सवलत मिळाली, असा समज अनेक ठिकाणी दिसतो आणि तो घातक आहे. या कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली असून ती 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे, तेव्हा जुन्या प्रकल्पाचे अर्ज जसेच्या तसे वापरू नका.

डीएनए अनुक्रमण (डीएनएतील घटकांचा क्रम वाचणे) भारतातच करून घेण्याचा पर्याय समन्वयकांपुढे आधी ठेवून पाहा. त्याने ऊती बाहेर पाठवण्याची गरज कमी होते आणि तुमचे विद्यार्थी ते तंत्र शिकतात. निष्कर्षांवरील कलम 4 मात्र तेव्हाही लक्षात ठेवावे लागेल. एखादी नवी प्रजाती हाती लागली, तर तिचा संदर्भ-नमुना कलम 39 नुसार भारतातील नियुक्त संग्रहालयातच ठेवावा लागतो, हेही करारात लिहा.

उत्तर 2: संशोधन प्रकल्पांचे हिशेब पाहणारा, चिपळूण

‘निधी नंतर कळवू’ या वाक्यावर सही करू नये. प्रकल्प युरोपीय संघाच्या होरायझन युरोप या संशोधन-निधी कार्यक्रमातील असेल, तर भारतीय संस्थेला भागीदार होता येते, पण तिला निधी आपोआप मिळत नाही. अशा वेळी आपला खर्च आपणच उभा करावा लागतो, आणि हे काम सुरू झाल्यावर कळणे फार जड जाते.

पैसा परदेशातून अनुदान म्हणून येणार असेल, तर विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, 2010 नुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आवश्यक ठरते. आपल्याकडे ही नोंदणी असलीच तर बहुधा महाविद्यालय चालवणाऱ्या शिक्षण संस्थेच्या नावावर असते, म्हणून आधी कार्यवाहांकडे चौकशी करा. 2020 च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्के झाली आहे आणि ती रक्कम दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही. मसुद्यात स्थानिक मच्छीमार सोसायटीला उपअनुदान देण्याचे कलम असेल, तर ते काढून टाका. प्रत्यक्ष केलेल्या कामाचा मोबदला हा प्रकल्पाचा खर्च म्हणून दाखवण्याची रीत वेगळी आहे. ती तुमच्या लेखापरीक्षकांकडून लेखी समजून घ्या.

उत्तर 3: क्षेत्रीय संशोधक, देवगड

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. माहितीच्या साठवणुकीविषयी एक मुद्दा जोडतो. प्रतिमाने तयार करणारा गट खाडीकाठाची अचूक उंची मागणार, हे निश्चित समजा. केंद्र शासनाच्या 15 फेब्रुवारी 2021 च्या भूस्थानिक (नकाशे व स्थानविषयक माहितीच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या दिशेने 1 मीटर आणि उभ्या दिशेने 3 मीटरपेक्षा अधिक अचूक असलेली माहिती भारतीय घटकांनीच गोळा करायची आणि भारतातच साठवायची असते. ‘सर्व माहिती समन्वयकाकडे’ हे कलम तेथेच अडते, आणि ते बदलण्यासाठी तुम्हाला भक्कम कारणही मिळते. मूळ नोंदी तुमच्याकडे, ठरलेल्या स्वरूपातील प्रत सर्वांकडे आणि ठरावीक मुदतीनंतर खुले प्रकाशन, अशी व्यवस्था सुचवा. पाणथळीत कांदळवन असेल, तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडेही वेळेत अर्ज करावा लागेल.

वेळापत्रक खाडीच्या गतीने आखा. तिसऱ्या उघड्या पडतात त्या उधाणाच्या दिवसांतील मोठ्या ओहोटीला. भांगेच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत तेवढा तळ उघडाच पडत नाही. पावसाळ्यात क्षारता झपाट्याने उतरते आणि अभ्यासासाठी नेमका तोच काळ सर्वांत मोलाचा असतो. युरोपीय भागीदार मात्र जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीवर असतात. त्यामुळे पावसाळ्यातील नमुने त्यांच्या मंजुरीची वाट न पाहता घेण्याचा अधिकार तुमच्याकडे असल्याचे लिहून घ्या. बैठका आपल्या सायंकाळी 5 वाजता ठेवल्यास हनोईत 6:30 वाजलेले असतात आणि नेदरलँड्समध्ये उन्हाळ्यात दुपारचे 1:30, तर हिवाळ्यात 12:30. त्यांची घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात, म्हणून बैठकीची वेळ भारतीय घड्याळानुसार नोंदवा.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. ज्या महिला वर्षानुवर्षे ओहोटीला तिसऱ्या काढतात, त्यांना कोणत्या जागी केव्हा पीक येते हे नेमके माहीत असते. त्यांचे ज्ञान आम्ही वापरणार असू, तर त्याची नोंद कोठे आणि कशी करावी?

उत्तर 1 चे लेखक

ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीपासून सुरुवात करा. गावातील जैवविविधता आणि तिच्याविषयीचे लोकांचे ज्ञान नोंदवणारी लोक जैवविविधता नोंदवही तिच्याकडेच असते. प्रकल्पाची माहिती मराठीत, त्यांच्या सोयीच्या वेळी, म्हणजे ओहोटीची वेळ टाळून सांगा आणि संमती लेखी घ्या. जागांचे नेमके ठिकाण प्रसिद्ध करायचे की नाही, हा निर्णय त्या महिलांचा असावा, कारण नकाशा छापला गेला की बाहेरचे वेचणारे तेथे पोहोचू शकतात. जागा निवडण्यात किंवा निष्कर्ष तपासण्यात ज्यांचा खरा वाटा असेल, त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव सहलेखक म्हणून घालण्यास हरकत नसावी. मात्र हा निकष चारही भागीदारांनी निबंध लिहायला घेण्यापूर्वी, करारासोबतच्या परिशिष्टात मान्य करायला हवा. ते परिशिष्ट मराठीतही तयार करा आणि समितीच्या बैठकीत वाचून दाखवा.